उलट्या गाठीचा टाक

लढाईवरनं परत आलो तवा सांगलीच्या टेसनावर चाचा मला न्यायला आलेला. गळ्यात पडून रडायला लागला. "जित्ता आलास रं, जित्ता आलास." मी त्याच्या खांद्यावरनं पलीकडं बगत हुबा. तिथं एक म्हातारा शेंगा विकत बसलेला. मला रडू आलं न्हाई, हसूबी आलं न्हाई. शेंगा घ्याव्यात का न्हाई, एवढाच इचार डोक्यात आला.

तवापासनं जो भेटंल त्यो त्येच म्हनायचा. मशिदीत, न्हाव्याकडं, गल्लीच्या तोंडाला. "बरं झालं गड्या, जित्ता आलास." आरं, आलो की बाबा! आता काय करू, ढोल लावून नाचू?

मी दिलावर. आमी खरादी, म्हंजी खरादावर लाकूड कातनारी. चाचा म्हंजी माझा चुलता अल्लाबक्ष. बाप लवकर गेला, मला त्यानंच वाढवलं आन् हातात पटाशी त्यानंच दिली. लाटणी, भवरे, पलंगाचे खूर, समदं आमी करायचो. पन नाव व्हतं ते दौतीत बुडवून लिवायच्या गाठीच्या टाकाचं. वकील, मास्तर, सातारचं कारकून, समदी त्यासाठी आमच्या दारात यायची.

गाठ म्हंजी काय ते आधी सांगतो, न्हाईतर पुढचं समदं डोक्यावरनं जाईल. शिसवाची चौकोनी कांडी घ्यायची. तिला करवतीनं तिरका काप द्यायचा, पन आरपार न्हाई. खाली कांद्याच्या सालीएवढं लाकूड शाबूत ऱ्हायलं पायजे. त्या चिरेत कुड्याच्या लाकडाची पांढरी पट्टी सरस लावून बसवायची. सरस वाळला की कांडी एक अंग फिरवायची आन् तसाच दुसरा काप. असं चारी अंगांनी. वरनं बगाल तर नुसत्या तिरक्या पांढऱ्या रेघा दिसत्यात. खरादावर चढवून गोल कातली की त्या पट्ट्यांच्या कड्या हुत्यात आन् वेनीवानी एकमेकीत गुतून बसत्यात. एक कडी वरनं जाती, दुसरी खालनं. ती गाठ.

साल तुटली की खेळ खलास. कांडी दुभंगती. परत जोडली तरी केसभर सरकतीच, आन् मग कड्या एकमेकींना भेटत न्हाईत. आता करवत आत कुठपतूर गेलीया ते डोळ्याला दिसत न्हाई. कांडीच्या खाली बोट धरायचं. करवत जवळ आली की बोटाला कळतं. आधी गुदगुल्या झाल्यागत हुतं, मग ऊब लागती. तिथं थांबायचं. काय शहाने म्हनत्यात, खुंटी ठोकून मोजून कापा. कापा की! लाकूड काय पलटनीतलं हाय व्हय, समदं एका मापाचं असायला?

तर बोट. तिथंच घोडं पेंड खातंय.

मी सफरमैनात व्हतो, म्हंजी फौजेसाठी पूल-रस्तं बांधनाऱ्या पलटनीत. खडकीला भरती झालो, मग इटलीत. नदीवर पूल बांधत असताना गोळा पडला आन् त्याचा तुकडा माझ्या डाव्या हातात, कोपराच्या खाली घुसला. डागदरानं काढला. हात हालतो, बोटं मिटत्यात, बिडी धरता येती. फकस्त बोटांना कळत काय न्हाई. गरम न्हाई, गार न्हाई. बिडी बोटापतूर जळत आली तरी वास आल्यावरच समजायचं. डागदर म्हनला, शीर दुखावलीया, येईल हळूहळू. आली न्हाई.

आन् हाताचं ऱ्हाऊ द्या, आतलंबी तसंच झालेलं. जन्नत, माझी बायको, मी आल्यावर उंबऱ्यात बसून ढसाढसा रडली. मी तिच्याकडं बगितलं आन् म्हनलं, "पानी दे." वाईट वाटायला पायजे व्हतं. ते ठावं व्हतं मला. वाटलं मातर न्हाई.

चाचाच्या डोळ्यांत आता पडदा आलेला. जवळचं दिसायचं न्हाई, लांबचं धुरकट. महिना-दीड महिना त्यानं माझी गंमत बगितली आन् एक दिस सकाळच्या पारी येऊन समोर बसला.

"दिलावर, रिकामा खराद घरात ठेवनं बरं न्हाई. मोहरमला आपुन कडेगावला ताबूत बगाय जातो, त्याच्या आत मला एक गाठीचा टाक करून दाव. जमला तर खराद तुझा. न्हाई जमला तर खराद मी शिरवळच्या जावयाला देतो. तुझ्या पलटनीच्या साहेबानं सातारच्या कचेरीत शिपायाची जागा देतो म्हनलंय, ती धर."

कचेरीतला शिपाई. घंटी वाजली की उठायचं, पान्याचा पेला न्यायचा. खरं सांगू का, मला त्याचंबी काय वाटलं न्हाई. पानी तर पानी. पन खराद शिरवळला जानार म्हटल्यावर पोटात कायतरी हाललं. बारीकच. किती दिसांनी हाललं! म्हनलं, एवढं एकच ऱ्हायलंय वाटतं आपल्यात जित्तं. ह्येबी गेलं तर मग शेंगावाल्या म्हाताऱ्याकडं बगत जलमभर टेसनावरच हुबं ऱ्हायचं.

लागलो कामाला.

पयली कांडी आरपार. दुसरी आरपार. तिसरीला जन्नत वरडली, "आवं, रगत!"

मी इचारलं, "कुनाचं?"

ती माझ्या तोंडाकडं बगतच ऱ्हायली. बोटाच्या खालनं धार लागलेली, कांडी तांबडी झालेली, आन् मी आपला करवत वढतोय. तिनं चिंधी बांधली. बांधून व्हायच्या आधीच मी दुसऱ्या हातानं नवी कांडी धुंडत व्हतो.

मग मी आडवा पडून कापाकडं डोळा लावून बगाय लागलो. करवतीचा आवाज ऐकाय लागलो. कांड्या मोडत व्हत्या, चुलीत जात व्हत्या. शिसवाचा जाळ चांगला हुतो, एवढा फायदा.

एका जुम्म्याला नमाजच्या आधी मी एक काप दिला. माझी खात्री व्हती, ह्योबी गेला. तोंड वाकडं करून कांडी ठेवली आन् मशिदीत गेलो. तिथनं चहाच्या दुकानात बसलो, मुद्दाम उशीर केला. घरी येतोय तर जन्नतनं त्या चिरेत पट्टी बसवून कांडी सुतळीनं आवळून ठेवलेली.

"साल शाबूत हुती की," ती म्हनाली. "तुमाला उगंच वाटतंय."

मी कांडी फिरवून बगितली. खरंच शाबूत. म्हनलं, हाताला कळतंय पन आपल्याला कळंना झालंय, असं तर न्हाई? जुना नोकर असतो न्हवं, मालक झोपला तरी आपलं काम करतो.

दुसऱ्या कापाला तसंच झालं. तिसऱ्याला, चवथ्याला. मी कापायचं, शंका यायची, जन्नत म्हनायची, "जावा तुमी, सरस मी लावते." आन् परत येऊन बगावं तर कांडी ठाकठीक. त्या हप्त्यात तिनं भाकरीसंगं खारं वांगं केलेलं. मी चाटून पुसून खाल्लं. लढाईपासनं पयल्यांदा तोंडाला चव आली. "आजून हाय का?" म्हनलं, तर तिनं पदर तोंडाला लावला.

सरस वाळला. कांडी खरादावर चढवली.

खरादाला दोन मानसं लागत्यात. एक दोरी वढनार, एक पटाशी धरनार, दोगं समोरासमोर. लगीन होऊन जन्नत कडेगावची सांगलीला आली तवापासनं आमची दोरी तिच्याकडं. पटाशीला बोटं लागत न्हाईत, मनगट लागतं, आन् मनगट माझं धड व्हतं. ती वढत ऱ्हायली, मी कातत ऱ्हायलो. शिसवाचा भुगा उडाला, कांडीचे कोपरे गेले, आन् आतनं पांढरी कडी वर आली. मग दुसरी. मग एकमेकीत शिरल्या. कुठं फट न्हाई, कुठं सरकलेलं न्हाई. गाठ बसली! मी वरडलोच, "बसली गं, जन्नत! या अल्ला, बसली!"

छाती भरून आली माझी. आनंद झाला म्हना की. आनंद म्हंजी काय ते इसरलो व्हतो, एकदम आठवलं.

पटाशी बाजूला ठेवली आन् टाक उजेडात धरला. धरला आन् बगतच ऱ्हायलो.

गाठ उलटी व्हती.

म्हंजी चुकलेली न्हाई. गिऱ्हाइकाला जलमात कळायचं न्हाई. पन एक काप झाला की कांडी मी उजव्या अंगाला फिरवतो, बापबी तशीच फिरवायचा, चाचाबी. त्यानं कंची कडी वरनं जाती आन् कंची खालनं, ते ठरतं. ह्या टाकात वरची खाली आन् खालची वर. कांडी डाव्या अंगाला फिरवनाऱ्यानं केलेली गाठ. आमच्या घरात असं कोन फिरवील? ज्यानं हे काम समोर बसून, माझ्या हाताकडं बगत बगत शिकून घेतलंय त्यो. माझं उजवं ते त्याचं डावं.

मी जन्नतकडं बगितलं. ती दोरीची गाठ सोडून परत बांधत व्हती. काय गरज न्हवती त्याची.

मग मला समदं कळलं. माझ्या मोडलेल्या कांड्या चुलीत गेलेल्या. ही कांडी पयल्या कापापासनं तिची. तशा दोन-चार कांड्या तिनं लपवून चालवलेल्या; मी एक मोडून बाहेर गेलो की ती दुसरीत तेवढाच काप द्यायची आन् त्या जागी ठेवायची.

छातीत आलेलं व्हतं ते तसंच खाली बसलं. टाकाला मेन लावलं, फडक्यानं घासलं, टोकाला नीब बसवली. हात आपलं आपलं काम करत व्हतं.

तिनं चोरून का केलं, ते तुमाला सांगायला पायजे. आमच्यात बाईमानूस दोरी वढतं, करवत-पटाशीच्या अंगाला बसत न्हाई. नवरा मेल्यावर पोटासाठी बसली तर बसली. बाई त्या अंगाला बसली म्हंजी घरातला खरादी मातीत गेला, असं समदी गल्ली धरून चालती. नवरा जित्ता असताना बसली तर त्याचं मरन मागितल्यागत. जन्नतनं करवतीला हात लावला तवा काळजाचं पानी झालं असंल तिच्या. तरी लावला.

दुसऱ्या दिशी चाचा आला. ओट्यावर बसला, टाक हातात घेतला. डोळ्यांनी त्याला काय दिसतंय? त्यानं डोळं मिटलं आन् अंगठ्याचं नख गाठीवरनं फिरवलं. एकदा, परत एकदा.

"कुठं आडकत न्हाई नख," म्हनला. आवाज बदलला त्याचा. "दिलावर, आरं, हात आला की रं तुझा!"

उलटी-सुलटी त्याला कळायचा संबंधच न्हवता. मी नुसतं 'व्हय' म्हनायचं, आन् खराद माझा. जन्नत दाराच्या आड हुबी व्हती. मुंडी हालवून मला खुनावत व्हती, म्हना की व्हय, म्हना की.

मी म्हननारबी व्हतो. खोटं कशाला बोलू? तोंड उघडलं व्हतं. तेवढ्यात चाचानं माझा डावा हात धरला, माझी बोटं आपल्या व्हटाला लावली, मग डोळ्यांना लावली. बगतोय तर माझी बोटं वली झालेली. चाचा रडत व्हता. ज्यानं मला पोराहून जास्त जपलं त्यो म्हातारा माझा हात धरून रडतोय, आन् मला त्याच्या व्हटाचं कळंना, पान्याचं कळंना. दुसऱ्याच कुनाचातरी हात असल्यागत मी बगतोय.

"हात न्हाई आला, चाचा," मी म्हनलं. "जन्नतनं कापलीया कांडी."

"खोटं बोलत्यात!" जन्नत दारातनं वरडली. "चाचा, त्यांनीच केलाय. मी निस्ता सरस लावला. अल्लाची आन!"

"आन कशाला घेतीस गं?"

"तुमी गप बसा! येडं लागलंय तुमाला? सोताच्या पायावर कुऱ्हाड मारून घेताय!"

"माझी न्हाई ती गाठ. उलटी हाय."

"उलटी न्हाई आन् सुलटी न्हाई! चाचा, तुमी ऐकू नका ह्यांचं!"

चाचा एकदा हिकडं तोंड करायचा, एकदा तिकडं. शेवटी त्यानं काठी आपटली. "गप! दोगंबी गप. दिलावर, कांडी घे. माझ्यासमोर एक काप दे."

मी कांडी घेतली. जन्नत हाताची घडी घालून भितीला टेकली. म्हनाली, "देतील की. बगा तुमी." पन तिचं तोंड पांढरं पडलेलं.

मी खाली बोट धरलं आन् करवत चालवली. बोटाला काय सांगायचंच न्हवतं, तवा ऐकायचं तेवढं ऐकत व्हतो. चाचाबी कान लावून बसलेला. एकाएकी त्याचं तोंड कसनुसं झालं. "थांब," म्हनला. मी तोंडाकडं बगत व्हतो त्याच्या, हाताकडं न्हाई. "थांब रं, थांब! लाकडाचा आवाज न्हाई ह्यो!"

जन्नतनं झेप घेऊन करवत हिसकून घेतली. कांडीचं दोन तुकडं खाली पडलं. बोटात करवत पार आत गेलेली. तिनं माझा हात पोटाशी धरला, पदर फाडला आन् गुंडाळाय लागली. गुंडाळता गुंडाळता म्हनाली, "तुमी जित्तं असताना मी त्या अंगाला बसू? सांगा, बसू?"

"बस," मी म्हनलं.

"लोक म्हनतील, मेला दिलावर."

"म्हनू देत. काय खोटं म्हनतील?"

त्यावर तिनं मला एक चापट मारली. खांद्यावर. चाचासमोर. तिथं मला कळतंय, खांद्याला. चांगली लागली.

चाचानं खाली पडलेलं दोन तुकडं चाचपून उचललं. मग काठीवर भार देऊन उठला. "मला काय दिसतंय?" म्हनला. "दोरी कोन वढतंय आन् करवत कुनाच्या हातात हाय, मज आंधळ्याला काय कळतंय? मला एवढंच कळतंय, खराद चालू हाय." आन् गेला. शिरवळचं नाव त्यानं काढलं न्हाई.

सकाळी जन्नतनं बांगड्या कोपरापतूर वर सारल्या, बिस्मिल्ला म्हनली आन् पटाशीच्या अंगाला बसली. माझ्या चिंधी बांधलेल्या हातात पटाशी ठरंना, म्हनून मी तिच्या जागेवर बसलो. जागा कसली, भितीचा कोपरा. दाराची फळी आड येती, तिथनं बाहेरच्याला कोन बसलंय ते दिसत न्हाई. एवढी वर्सं ती तिथं बसली, आन् मी तिथं कवा बसून बगितलंच न्हवतं. दोरी मनगटाला गुंडाळून धरली. ती म्हनाली, "वढा." मी वढली. तिची पटाशी सुरवातीला आडत व्हती, मला दम लागत व्हता. माझ्या मनात काय व्हतं इचाराल तर काय न्हाई. रिकामं.

तेवढ्यात रंगूबाई आली. रंगूबाई म्हंजी आमच्या गल्लीतली ताकवाली, रोज सकाळी दारावरनं जाती. दारातनं तिला एवढंच दिसलं, जन्नत पटाशी धरून बसलीया.

डोक्यावरचं मडकं धाडदिशी खाली. "आगं बया! आगं जन्नत, कवा झालं गं ह्ये!" आन् म्हातारीनं उंबऱ्यात बसून गळाच काढला. "आरं दिलावर, सोन्यासारखं लेकरू रं तू! एवढ्या गोळ्यांतनं वाचून आलास आन् घरात येऊन गेलास का रं! परवा दारात हुबा व्हतास, मी ताक दिलं तर घेतलं न्हाईस रं! तवाच मला कळाय पायजे व्हतं, आतनं सुकलंय लेकरू! कुनी इचारलं न्हाई रं तुला, काय हुतंय म्हनून! समदी आपली, जित्ता आलास, जित्ता आलास!"

माझी दोरी थांबली.

जन्नत तिला गप करायला उठत व्हती. मी हातानं खुनावलं, ऱ्हाऊ दे. मला ऐकायचं व्हतं. लढाईत माझ्या शेजारची पोरं गेली, त्यांच्यासाठी मी रडलो न्हाई. जन्नत उंबऱ्यात रडली तवा न्हाई, काल चाचा रडला तवाबी न्हाई. आन् आता ही ताकवाली माझ्या नावानं गळा काढतीया म्हटल्यावर माझ्या पोटातनं असा कढ आला, असा कढ आला, की मी दोरी तोंडात धरली तरी थांबंना. हंबरडाच फुटला. मेलेल्या दिलावरसाठी रडायला आमी आता दोगं झालो.

रंगूबाई एकदम गप. दाराच्या फळीआड तोंड घालून बगितलं तिनं.

"आँ? हाय की ह्यो!"

"हायेत," जन्नत म्हनाली. "दोरी वढत्यात."

"मग रं मेल्या, माझं ताक सांडलं की!" रंगूबाई डोळं पुसत खेकसली. "आन् तू कशाला रडतुयास?"

माझ्या नाकातोंडातनं पानी चाललेलं. जन्नत पटाशी खाली ठेवून माझ्याकडं बगत बसली. उठली न्हाई, जवळ आली न्हाई. मग म्हनाली, "थांबायचं का जरा?"

"न्हाई," मी म्हनलं. "धर पटाशी."